वांशिक न्यायाच्या कामात 2060 चं चित्र कसं वापरायचं?

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे चुकत असेन तर सांगता येईल. ओहायोतल्या एका मध्यम शहरात तुम्ही घरांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेच्या समितीवर आहात. समितीतले निम्मे लोक कृष्णवर्णीय वस्तीतले आहेत आणि बाकीचे तुमच्यासारखे बाहेरचे. अध्यक्षबाईंना ‘आपलं शहर 2060’ अशी अर्ध्या दिवसाची कार्यशाळा घ्यायची आहे. वस्तीतले एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले की असली चित्रं ते पन्नास वर्षं काढत आलेत, आधी त्यांच्या भाच्याचं घर वाचवा. संस्थेच्या वकिलांना ‘वंश’ हा शब्द कागदावर नको आहे. अशा परिस्थितीत या प्रकाराचा काही उपयोग होतो का, आणि होत असेल तर तो घ्यायचा कसा, असं तुम्ही विचारलंय.

उपयोग होतो. पण तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. चित्र तयार झाल्यावर त्याचं काय करायचं हे तुमच्याकडे कोणीच ठरवलेलं नाही. त्या ज्येष्ठांचा राग स्वप्नावर नसून, स्वप्न विचारून घेऊन ते फायलीत लावण्यावर आहे, आणि तो रास्त आहे. 1950 आणि 60 च्या दशकांत ‘अर्बन रिन्यूअल’च्या, म्हणजे शहर-पुनर्विकासाच्या, नावाखाली अमेरिकेतल्या कित्येक कृष्णवर्णीय वस्त्या पाडल्या गेल्या. त्याही आधी रंगीत नकाशे दाखवले गेले होते, सभा झाल्या होत्या. भविष्याचं चित्र म्हटलं की त्या पिढीला बुलडोझर आठवतो.

म्हणून आमंत्रणं पाठवण्याआधी अध्यक्षबाईंकडून अर्ध्या पानाचा एक कागद लिहून घ्या. येत्या दीड वर्षात कोणते निर्णय अजून खुले आहेत, ते कोण घेणार, आणि या चर्चेतून जे निघेल ते त्या निर्णयापर्यंत कोण नेणार, एवढंच त्यात हवं. शहराचं बजेट, काउंटी लँड बँकेकडे (करथकीत आणि सोडून दिलेल्या जागा ताब्यात घेणाऱ्या संस्थेकडे) पडून असलेले रिकामे प्लॉट, झोनिंगमधली (कुठे काय बांधता येतं या नियमांतली) दुरुस्ती, किंवा संस्थेची स्वतःची पुढची जागाखरेदी, यांतलं काहीही चालेल. एकही निर्णय खुला नसेल तर कार्यशाळा रद्द करा आणि ते पैसे त्या भाच्याच्या थकलेल्या प्रॉपर्टी टॅक्ससाठी वापरा. हे मी चिडून म्हणत नाही. निर्णयाला न जोडलेली भविष्यचर्चा लोकांचा उरलासुरला विश्वासही खाते, आणि तो परत मिळवायला मग बरीच वर्षं जातात.

टेबलावर कोणाची किती मतं आहेत, हा दुसरा आधी सोडवायचा प्रश्न. बोस्टनमधली डडली स्ट्रीट नेबरहुड इनिशिएटिव्ह ही संस्था 1984 मध्ये सुरू झाली. वस्तीत तेव्हा तेराशेच्या आसपास रिकामे प्लॉट होते, कचरा आणून टाकायच्या जागाच झाल्या होत्या त्या. पहिल्या आराखड्यात संचालक मंडळावर रहिवाशांपेक्षा संस्था आणि एजन्सींचे प्रतिनिधी जास्त होते. जाहीर सभेत रहिवाशांनी त्याला सरळ हरकत घेतली. मग मंडळाची रचना बदलून रहिवाशांचं बहुमत झालं, आणि वस्तीतल्या चार मुख्य गटांना, म्हणजे कृष्णवर्णीय, लॅटिनो, केप व्हर्डियन आणि गोरे यांना, समान जागा मिळाल्या. वस्तीने आपला आराखडा त्यानंतर केला. 1988 मध्ये शहराने त्यांना ठरावीक भागातली रिकामी जमीन सक्तीने संपादित करण्याचा, म्हणजे एमिनेंट डोमेनचा, अधिकार दिला. नागरिकांच्या संस्थेला असा अधिकार मिळणं फारच दुर्मीळ. यातला क्रम बघा. आधी मतं, मग चित्र, मग अधिकार. तुमच्या समितीत निम्मे-निम्मे लोक असणं बरं आहे, पण अंतिम मसुद्यावर सही कोणाची, हे आजच विचारून घ्या.

आता मुदतीबद्दल. 2060 कुठून आलं असं विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर येतं, गोल आकडा आहे म्हणून. मुदत ही ज्या गोष्टीबद्दल बोलतोय तिच्या आयुष्यावरून ठरवावी. घराचं कर्ज तीस वर्षांचं असतं. 1950 मध्ये ज्या कुटुंबाला कर्ज मिळालं त्याचं घर 1980 मध्ये मोकळं झालं. त्या घरावर मुलांची कॉलेजं झाली, आणि पुढे ते वारशाने नातवंडांकडे गेलं. ज्याला 1950 मध्ये नकार मिळाला त्याची तिसरी पिढी आज भाडं भरते आहे. अन्याय साठ-सत्तर वर्षं चालत असेल तर पाच वर्षांच्या स्ट्रॅटेजिक प्लॅनमध्ये त्याचं उत्तर बसतच नाही. पाच वर्षं म्हटलं की लोक ग्रँटची भाषा बोलायला लागतात. शंभर वर्षं म्हटलं की घोषणा सुरू होतात. तीस ते साठ वर्षांच्या मधे एक जागा असते, जिथे आजचं बंधन सुटतं पण माणसं ओळखीची राहतात. आज वस्तीतल्या शाळेत चौथीत असलेली मुलगी 2060 मध्ये चव्वेचाळीसच्या आसपास असेल. तिचं नाव माहीत असलं की कोणी उगाच फेकत नाही. म्हणून तुमच्या बाबतीत 2060 ठेवायला हरकत नाही, फक्त कारण हे सांगा.

पुढची जेवढी वर्षं, निदान तेवढीच मागची वर्षं आधी भिंतीवर लावा. शांतता-अभ्यासक एलिस बोल्डिंग ‘दोनशे वर्षांचा वर्तमान’ अशी कल्पना मांडायच्या. शंभर वर्षं मागे, शंभर पुढे, कारण आज शंभरी गाठलेली माणसं आणि आज जन्मलेली बाळं या दोघांच्या आयुष्यात मिळून एवढा काळ मावतो. प्रत्यक्षात हे असं करा. वीस फूट लांबीचा जाड कागदाचा रोल भिंतीवर आडवा चिकटवा. एक फूट म्हणजे दहा वर्षं. बरोबर मध्यावर आजचं वर्ष. रेषेच्या वरच्या बाजूला कायदे आणि धोरणं, खालच्या बाजूला कुटुंबांच्या गोष्टी. दोन्हींसाठी कार्डांचे रंग वेगळे.

वरची कार्डं संस्थेने आधीच भरून आणायची. 1933 चं होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन (अडचणीतल्या घरमालकांना नवं कर्ज देणारी सरकारी संस्था), 1934 चं फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन (घरकर्जांचा विमा उतरवणारं सरकारी खातं), 1944 चं जीआय बिल (युद्धावरून परतलेल्या सैनिकांना शिक्षण आणि घरासाठी मदत देणारा कायदा), 1948 चा शेली विरुद्ध क्रेमर निकाल, ज्यानंतर ‘हे घर गोऱ्यांनाच विकायचं’ अशी खरेदीखतातली अट कोर्टातून बजावता येईनाशी झाली, 1956 चा हायवे कायदा, 1968 चा फेअर हाउसिंग अ‍ॅक्ट, 2008 मध्ये कर्ज थकलेल्या घरांवर आलेल्या जप्त्या. शिवाय तुमच्या शहराची स्वतःची कार्डं: हायवे कोणत्या रस्त्यावरून गेला, कोणती शाळा कधी बंद झाली, शेवटची बँक शाखा कधी उठली. रेडलाइनिंगचे, म्हणजे कृष्णवर्णीय वस्त्या कर्जासाठी ‘धोक्याच्या’ म्हणून लाल रंगवलेले, होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनचे जुने नकाशे युनिव्हर्सिटी ऑफ रिचमंडने ऑनलाइन ठेवले आहेत, दोनशेहून जास्त शहरांचे. तुमचं शहर त्यात असेल तर ए-थ्री आकारात रंगीत प्रिंट काढून आणा.

इथे एक खबरदारी. हा लाल रंगाचा नकाशाच सगळ्याचं मूळ, असं सांगू नका. होम ओनर्स लोन कॉर्पोरेशनने आपली बहुतेक कर्जं हे नकाशे पूर्ण होण्याआधीच दिली होती, आणि लाल भागांतही दिली होती. वस्त्यांना खरं बाहेर ठेवलं ते फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशनच्या विमा-नियमांनी, खासगी बँकांनी आणि खरेदीखतातल्या वांशिक अटींनी. नकाशा हा त्या काळच्या दृष्टीचा पुरावा आहे. सभेत कोणीतरी एखादा लेख वाचून आलेला असतो आणि ‘नकाशामुळे झालं नाही’ म्हणत सगळाच इतिहास उडवून लावतो. तुमची कार्डं अचूक असली तर तो तिथेच थांबतो.

खालच्या ओळीतली कुटुंबाची कार्डं मात्र पूर्णपणे ऐच्छिक ठेवा. यात फार वेळा घोळ होतो. वस्तीतल्या लोकांनी आपल्या जखमा उघडून दाखवायच्या आणि बाकीच्यांनी डोळे पुसत शिकून घ्यायचं, असा कार्यक्रम नकळत होऊन बसतो. कोणाला बोलायला लावू नका. कार्डं लावायला पंधरा मिनिटं, शांतपणे भिंत वाचायला दहा मिनिटं आणि मग छोट्या गटांत बोलणं. बाहेरून आलेल्यांनीही स्वतःच्या कुटुंबाचं एक तरी कार्ड लावायचं, हा नियम करा.

हे कार्ड तुम्हालाही लावायचंय, म्हणून सांगतो. 1923 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस ‘गोरा’ नाही म्हणून त्याला नागरिकत्व नाकारलं होतं. आपल्या भारतीयांपैकी बहुतेक जण ज्या वाटेने अमेरिकेत आले तो 1965 चा इमिग्रेशन कायदा नागरी हक्क चळवळीच्याच लाटेत संमत झाला. तुमच्या घराण्याचं पहिलं कार्ड 1965 च्या उजवीकडे लागेल, आणि त्याच्या डावीकडे काय काय लावलंय ते सगळे बघतील. भाषण द्यायची गरज नाही. आणखी एक. आपली मंडळी वंशावर हिरिरीने बोलतात आणि जात निघाली की चहा घ्यायला उठतात. सिॲटल शहराने फेब्रुवारी 2023 मध्ये जातीवरून भेदभाव करायला बंदी घातली, ती मागणी आंबेडकरी संघटनांनी लावून धरली होती. 2060 च्या चित्रात भाडेकरू निवडताना आडनाव विचारणारे आपले घरमालक आहेत का, हा प्रश्न तुम्हीच टेबलावर ठेवलात तर इतरांनाही आपापलं झाकलेलं काढायला धीर येतो.

कागद लावून झाला की एक गोष्ट आपोआप दिसते. 1968 चा कायदा आणि आज यांच्यात भिंतीवर जवळजवळ सहा फूट अंतर आहे, आणि आजपासून 2060 फक्त साडेतीन फूट. दूरचं वाटणारं साल हाताच्या अंतरावर येतं. एवढ्या वर्षांत कायदा होऊनही काय काय झालं नाही हेही तिथेच दिसतं. अर्ध्या दिवसाच्या एका कार्यशाळेऐवजी तीन सत्रं धरा, आणि पहिल्या सत्रासाठी एवढं पुरे. अडीच ते तीन तास लागतात. त्याच दिवशी भविष्याकडे उडी मारू नका, कारण लोक दमलेले आणि हललेले असतात, आणि तशा मनाने काढलेली चित्रं एक तर काळीकुट्ट होतात नाही तर गुळचट. मधे आठ-दहा दिवस जाऊ द्या.

दुसऱ्या सत्रात ‘2060 मध्ये आपलं शहर कसं असावं?’ असं विचारलंत की फ्लिपचार्टवर समानता, सुरक्षितता, संधी असे शब्द येणार हे ठरलेलं. त्यांना कोणाचाच विरोध नसतो, म्हणून त्यांचा उपयोगही नसतो. त्याऐवजी वस्तू मागा. पाच-सहा जणांच्या प्रत्येक टेबलाला 2060 मधला एक कागद तयार करायला द्या: प्रॉपर्टी टॅक्सचं बिल, भाडेकराराची नोटीस, स्कूल बोर्डाच्या बैठकीची विषयपत्रिका, पोलिसांनी गाडी थांबवल्याची नोंद. चाळीस मिनिटं द्या. रिकामे नमुने आजच्या खऱ्या कागदांवरून बनवून आणा, रकाने तेच ठेवा.

टॅक्सचं बिल घेतलेल्या टेबलावर काय होतं बघा. पहिला रकाना ‘मालक’. इथे कोणाचं नाव लिहायचं? कुटुंबाचं, शहराचं, की वस्तीच्या ट्रस्टचं? कोणीतरी कम्युनिटी लँड ट्रस्ट सुचवतो, म्हणजे जमीन ट्रस्टची आणि घर कुटुंबाचं. मग जमीन आणि इमारत अशा दोन ओळी कराव्या लागतात. लीज 99 वर्षांची. 2028 मध्ये सुरू झाली असं धरलं तर 2060 मध्ये 67 वर्षं उरली, ती कोणाच्या नावाने पुढे जाणार? मग किंमत. अशा ट्रस्टांमध्ये एक नेहमीचं सूत्र असं असतं की घर विकताना वाढलेल्या किमतीचा 25 टक्के भाग विकणाऱ्याला आणि उरलेला घरातच राहतो, म्हणजे पुढच्याला घर स्वस्तात मिळतं. एक लाख वीस हजार डॉलरला घेतलेलं घर दोन लाखांचं झालं तर वाढ ऐंशी हजारांची, आणि कुटुंबाच्या हाती त्यातले वीस हजार.

इथे भांडण होतं, आणि व्हायलाच हवं. कोणीतरी म्हणणारच की गोऱ्यांनी सत्तर वर्षं पूर्ण वाढ खिशात घातली आणि आमची पाळी आल्यावर पाव हिस्सा? दुसरा म्हणणार, पूर्ण वाढ दिली तर वीस वर्षांत ही वस्ती आपली राहणारच नाही. दोघांचं बरोबर आहे. एकाला कुटुंबाची संपत्ती हवी आहे, दुसऱ्याला वस्ती टिकायला हवी आहे, आणि वांशिक न्याय या एकाच शब्दाखाली ही दोन वेगळी उद्दिष्टं वर्षानुवर्षं एकत्र नांदत असतात. लांबचं चित्र काढण्याचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा हाच. करारावर सह्या होण्याआधी, बिल्डर समोर बसलेला नसताना, हे भांडण घरातल्या घरात होऊन जातं. चर्चा चालवणाऱ्याने (फॅसिलिटेटरने) ते मिटवायला जाऊ नये. दोन्ही बाजू लिहून घ्याव्यात, आणि 25 च्या जागी 40 टक्के धरले तर काय, काही घरं ट्रस्टमध्ये आणि काही पूर्ण मालकीची ठेवली तर काय, असे आकडे घालून बघावं. ‘सगळ्यांचं एकमत झालं’ असा शेरा अहवालात दिसला की समजावं, प्रश्न विचारलाच गेला नाही.

या लँड ट्रस्टची कुळकथा मराठी वाचकाला सांगण्यासारखी आहे. अमेरिकेतला पहिला कम्युनिटी लँड ट्रस्ट मानला जातो तो न्यू कम्युनिटीज, 1969 मध्ये जॉर्जिया राज्यातल्या ली काउंटीत. नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी, त्यांत चार्ल्स आणि शर्ली शेरॉड होते, सुमारे 5,700 एकर जमीन घेतली. मतदार नोंदणीत भाग घेतला म्हणून जमीनदारांनी हाकललेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना पाय टेकायला कोणी हिसकावून घेऊ शकणार नाही अशी जागा हवी होती. त्या रचनेमागच्या प्रेरणांमध्ये विनोबांचं ग्रामदानही होतं. स्वप्न मोठं होतं, गावं, शाळा, रेल्वेलगतचे उद्योग असा सगळा आराखडा तयार होता. पण राज्यपाल लेस्टर मॅडॉक्स यांच्या विरोधामुळे अपेक्षित सरकारी निधी आला नाही. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दुष्काळ पडला, गोऱ्या शेतकऱ्यांना मिळणारं सरकारी आपत्कालीन कर्ज यांना वेळेवर मिळालं नाही, आणि 1985 मध्ये जमीन गेली. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांशी कृषी खात्याने केलेल्या भेदभावाच्या पिगफर्ड प्रकरणात 2009 मध्ये त्यांना सुमारे एक कोटी वीस लाख डॉलर भरपाई मिळाली, आणि 2011 मध्ये त्यांनी सोळाशे एकरांहून मोठा मळा विकत घेतला, जिथे एकेकाळी गुलामांकडून काम करून घेतलं जात होतं.

तुमच्या कामासाठी यातून दोन गोष्टी घ्या. पहिली, मधल्या काळात जमीन नव्हती तरी ट्रस्ट आणि लीज ही कायदेशीर रचना बर्लिंग्टन, बोस्टन आणि इतर अनेक शहरांत पोचली होती. चित्र टिकतं ते अशा कागदांमुळे. दुसरी, त्यांचा आराखडा कोसळला तो दुष्काळ आणि कर्ज या दोन अगदी साध्या जागी. म्हणून चित्र तयार झालं की ते ताणून बघावं लागतं.

त्यासाठी ‘काय व्हावं’ आणि ‘काय होऊ शकतं’ ही दोन कामं वेगळी ठेवा. दक्षिण आफ्रिकेने दोन्ही केली, पण वेगवेगळ्या वेळी. 1955 मध्ये क्लिपटाउनला संमत झालेली फ्रीडम चार्टर हे ‘काय व्हावं’चं उदाहरण. स्वयंसेवकांनी गावोगावी, वस्त्यावस्त्यांत फिरून लोकांच्या मागण्या गोळा केल्या होत्या. 1991-92 मधला माँ फ्लूर हा उपक्रम ‘काय होऊ शकतं’चं. डाव्या-उजव्या बाजूंचे बावीस जण स्टेलनबॉशजवळ जमले आणि पुढच्या दहा वर्षांच्या चार शक्यता त्यांनी मांडल्या. त्यातली एक, इकारस नावाची, अशी होती की नवं सरकार भराभर खर्च करून वर उडतं आणि अर्थव्यवस्था कोसळते. त्या चर्चेत बसलेले ट्रेव्हर मॅन्युअल आणि टिटो म्बोवेनी हे दोघेही पुढे अर्थमंत्री झाले. दोन्ही कामं एकाच बैठकीत केली की स्वप्न बघणारा आणि शंका काढणारा एकमेकांच्या अंगावर जातात आणि शंका काढणारा जिंकतो.

तर तिसऱ्या सत्राचा पहिला तास ताण देण्यासाठी. केंद्राचा निधी बंद झाला तर हे चित्र उभं राहतं का? 2025 च्या जानेवारीपासून वॉशिंग्टनमधून समता-कार्यक्रमांविरुद्ध निघालेले आदेश बघता ही कल्पना करावी लागत नाही. शहरात मोठी कंपनी आली आणि भाडी दुप्पट झाली तर? उलट निम्मी लोकसंख्या निघून गेली तर? ओहायोत दुसरी भीती जास्त खरी असते. आणखी एक गृहीतक इथे फोडायला हवं. जनगणना खात्याच्या 2018 च्या अंदाजानुसार 2045 च्या सुमारास अमेरिकेत गोरे, म्हणजे हिस्पॅनिक नसलेले गोरे, निम्म्याहून कमी होतील, आणि मग न्याय आपोआप येईल असं बरेच जण मनात धरून चालतात. दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीय कायमच बहुसंख्य होते. त्यामुळे अपार्थाइड (सरकारी वर्णभेद) अडला नाही, आणि तो गेल्यावर जमीनही आपोआप वाटली गेली नाही.

उरलेले दोन तास 2060 पासून मागे यायला. आजपासून पुढे गेलात तर पहिली पायरी हमखास ‘समिती नेमणे’ ही येते. मागे येताना प्रत्येक पायरीवर विचारायचं: याच्या लगेच आधी काय असायला हवं होतं, आणि सही कोणाची? 2060 मध्ये नातीच्या नावाने चालू असलेली लीज. त्यासाठी 2045 पर्यंत ट्रस्टकडे देखभालीचा स्वतंत्र निधी हवा. त्यासाठी 2035 च्या आत घरं विकायला निघाली की भाडेकरूला किंवा ट्रस्टला पहिली संधी देणारा कायदा हवा, वॉशिंग्टन डीसीत 1980 पासून भाडेकरूंसाठी असा कायदा आहे. त्यासाठी 2028 पर्यंत लँड बँकेने आपल्या धोरणात ट्रस्टला प्राधान्य लिहायला हवं. म्हणजे यंदा लँड बँकेच्या संचालक मंडळापुढे तो ठराव यायला हवा. शेवटी तीनपेक्षा जास्त कृती ठेवू नका, आणि प्रत्येकीपुढे माणूस, तारीख आणि मंडळाचं नाव. ओहायोतल्या शहरांचं आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होतं, बजेटवरची चर्चा शरद ऋतूत होते, म्हणून तिन्ही सत्रं ऑगस्टपर्यंत संपवा. ऑक्टोबरमध्ये तयार झालेलं सुंदर चित्र एक वर्ष वाया घालवतं.

विरोध कुठून येईल याचाही अंदाज याच वेळी घ्या. मिनियापोलिसने डिसेंबर 2018 मध्ये 2040 चा आराखडा संमत केला. त्यात वांशिक अटी आणि रेडलाइनिंगचा इतिहास उघड मांडला होता, आणि त्या आधारावर एका प्लॉटवर एकाच कुटुंबाचं घर ही सक्ती काढली. त्याला कोर्टात अडवलं ते पर्यावरण कायद्याच्या आधारे. राज्याच्या विधिमंडळाने 2024 मध्ये कायदा बदलला तेव्हा वाट मोकळी झाली.

वकिलांचं म्हणाल तर त्यांची भीती निराधार नाही. इलिनॉयमधल्या इव्हान्स्टन शहराने 1919 ते 1969 या काळात तिथे राहिलेल्या कृष्णवर्णीयांना आणि त्यांच्या वंशजांना घरासाठी 25 हजार डॉलर द्यायला सुरुवात केली, त्यावर 2024 मध्ये खटला भरला गेला. त्याच वर्षी फक्त कृष्णवर्णीय उद्योजिकांसाठी अनुदान देणाऱ्या एका खासगी निधीविरुद्धही अपील कोर्टाचा निकाल गेला, त्यामुळे ‘आम्ही सरकार नाही’ म्हणून सुटका नाही. पण इतिहास लिहिणं, चर्चा करणं आणि उद्दिष्ट मांडणं वेगळं, आणि लाभ कोणाला द्यायचा याचा निकष वेगळा. भिंतीवर ‘वंश’ लिहा, अहवालात लिहा. निकष ठरवताना वकिलांना बसवा. तिथे वस्ती, जुनं वास्तव्य, हायवेत गेलेलं घर असे आधार चालतात का, हे तुमच्या राज्यावर आणि निधी कोणाचा आहे यावर अवलंबून आहे. वकिलांना तिसऱ्या सत्रात बोलवा, पहिल्या दोनांत नको.

व्यवस्थेचं थोडक्यात. तीसपेक्षा जास्त माणसं नकोत. शनिवारी, वस्तीतल्या चर्चच्या हॉलमध्ये किंवा वाचनालयात, गरम जेवण आणि मुलं सांभाळायला माणूस. रहिवाशांना तासाला तीस ते पन्नास डॉलर मानधन द्या, सल्लागाराला देता तर त्यांना का नाही? मात्र कोणी हाउसिंग व्हाउचरवर (भाड्यासाठीची सरकारी मदत) किंवा एसएसआयवर (गरीब वृद्ध आणि अपंगांसाठीचा सरकारी भत्ता) असेल तर हे मानधन उत्पन्नात धरलं जाऊ शकतं, आणि गिफ्ट कार्ड दिल्याने तो प्रश्न सुटेलच असं नाही. आधी खासगीत विचारून घ्या आणि कसं घ्यायचं, घ्यायचं की नाही, हे त्यांनाच ठरवू द्या.

अध्यक्षबाई अर्ध्या दिवसावरच अडून बसल्या तर वाद घालू नका. त्या चार तासांत फक्त भिंतीवरचा कागद करा आणि शेवटच्या अर्ध्या तासात ते खुल्या निर्णयांचं अर्धं पान सगळ्यांसमोर वाचून दाखवा. पुढची दोन सत्रं लोकच मागतील, नाही मागितली तर ती घेण्यात अर्थ नव्हता. आणि त्या ज्येष्ठांना कार्यशाळेचं आमंत्रण द्यायला जाण्याआधी काउंटी ट्रेझररच्या कार्यालयात फोन करून भाच्याच्या थकबाकीला हप्ते बांधून मिळतात का ते विचारा. ओहायोतल्या काउंट्यांमध्ये तशी सोय असते, पण जप्तीचा दावा दाखल होण्याआधी गेलं तर काम सोपं होतं.